विहिरीच्या भिंतीवरचा हंसराज खरवडण्यापूर्वी

होळी उलटली की किन्हीराजा आणि वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील इतर गावांत विहिरींचा गाळ काढण्याचा हंगाम येतो. पाणी तळाला गेलेले असते, रब्बीची कामे उरकलेली असतात आणि पावसाळ्याआधी विहीर मोकळी करून घ्यायची असते. विहिरीत उतरलेला माणूस गाळ तर काढतोच, पण जाता जाता भिंतीवरचे सगळे हिरवेही ओरबाडून टाकतो. पिंपळाचे रोप, उंबराचे रोप, गवत, शेवाळ आणि काळ्या देठांचा, नाजूक पानांचा हंसराज, सगळ्यांना एकच न्याय लावला जातो. तो न्याय चुकीचा आहे, हे या लेखात दाखवायचे आहे. हंसराज हा नेचा विहिरीचे बांधकाम बिघडवत नाही. वाशिमच्या मे महिन्यात तो हिरवा राहतो, त्याचे श्रेय त्याच्या काटकपणाला नसून भिंतीतल्या जिवंत पाझराला आहे. हे ध्यानात आले, की विहिरीतले काय काढायचे, काय ठेवायचे, भिंत कशाने दुरुस्त करायची आणि घरी नेचा वाढवायचा तर कुठे ठेवायचा, हे सगळे निर्णय सोपे होतात.

आधी ओळख पक्की करू, कारण हंसराज आणि हंसपदी ही नावे आपल्याकडे दोन-तीन जातींना सरमिसळ वापरली जातात. इथे ज्याच्याबद्दल बोलायचे आहे तो अ‍ॅडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस. लिनिअसने 1753 मध्ये त्याला हे शास्त्रीय नाव दिले. जगाच्या उष्ण आणि समशीतोष्ण भागांत तो दूरवर पसरलेला आहे. देठ तारेसारखा बारीक, काळा आणि चकचकीत. पान दोन-तीनदा विभागलेले, आणि प्रत्येक पर्णिका पंख्यासारखी, बुडाशी निमुळती, वरच्या कडेला खाचा असलेली. पाणी शिंपडले तर ते पानावर पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते. पक्व पानाची कड मागे दुमडलेली असते आणि त्या दुमडीखाली तपकिरी बीजाणूंचे पुंजके असतात. पावसाळ्यात बांधाच्या आणि ओढ्याच्या कडेला याचाच एक भाऊबंद दिसतो, अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स. त्याच्या पर्णिका अर्धचंद्राकृती असून देठाच्या दोन्ही बाजूंना एकाच ओळीत लागतात, आणि पानाचा लांब शेंडा जमिनीला टेकला की तिथे नवे रोप फुटते. दोघांत घोटाळा करू नका. दिसायला ते जवळचे असले तरी उन्हाळा काढण्याची त्यांची रीत अगदी वेगळी आहे.

या रीतींमधला फरक हाच इथला मुख्य पुरावा आहे. आपला प्रदेश कोरड्या पानगळीच्या जंगलाचा. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस निष्पर्ण होऊन फुलतो, साग उघडा पडतो आणि मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो. अशा ठिकाणी नेच्यांना जगायचे तर तीनच वाटा आहेत. पहिली वाट अ‍ॅडिअँटम फिलिपेन्सची: पाऊस संपला की पाने वाळू द्यायची, जमिनीतले खोड तेवढे जिवंत ठेवायचे आणि पुढच्या मृगाची वाट पाहायची. दुसरी मयूरशिखेची. उघड्या खडकाच्या फटीत वाढणारा हा वीतभर पंखा पाणी संपले की आकसतो, वाळल्यासारखा होतो आणि पाऊस पडताच पुन्हा उलगडून हिरवा होतो. पानाच्या पाठीवर पांढरी भुकटी असलेला चंदेरी नेचाही कोरड्या दिवसांत पाने आत वळवून घेतो. तिसरी वाट हंसराजाची, आणि ती सर्वांत जोखमीची आहे. त्याला पानगळीची विश्रांती जमत नाही, मयूरशिखेसारखे वाळून पुन्हा उलगडणेही जमत नाही. हंसराजाचे पान एकदा कुरकुरीत वाळले की कितीही पाणी घातले तरी ते परत हिरवे होत नाही, हे ज्यांनी तो कुंडीत लावून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे विदर्भात जिथे हंसराज बारमाही हिरवा आहे, तिथे पाणी बारमाही पोचते आहे, याखेरीज दुसरा अर्थ निघत नाही.

सदाहरित म्हणजे पान कधीच गळत नाही, असा समज असेल तर तो बाजूला ठेवावा. हंसराजाची जुनी पाने तपकिरी होऊन वाळतच असतात. फक्त आडव्या सरपटत्या खोडातून नवी पाने, गुंडाळलेल्या अवस्थेत, सतत वर येत राहतात. म्हणून विहिरीत पाहताना किती पाने वाळली यापेक्षा नव्या गुंडाळ्या फुटताहेत का, हे पाहायचे असते.

आता अशी बारमाही ओली जागा विहिरीतच का सापडते? वाशिम जिल्हा पाणलोटाच्या दुभाजकावर बसलेला आहे. उत्तर उतारावरचे पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला आणि पुढे तापीला जाते, दक्षिणेकडचे पैनगंगेतून गोदावरीला. काटेपूर्णेसारख्या नद्या इथे सुरू होतात, आणि म्हणून इथल्या माणसाची भिस्त जमिनीत मुरलेल्या पाण्यावर अधिक. खाली आहे दख्खनचा काळा पाषाण, लाव्ह्याचे एकावर एक थर. त्यातला घट्ट थर पाणी धरत नाही. पाणी धरतो तो वरचा मुरूम, थरांमधल्या भेगा आणि सच्छिद्र खडक. विहीर खणताना ज्या पातळीवर असा पाणीदार थर कापला जातो, तिथे पाझर फुटतो आणि पाणी भिंतीवरून ओघळत राहते. खडकातून झिरपताना त्यात चुन्याचा अंश विरघळलेला असतो. जुन्या बांधीव विहिरींत दगडांच्या सांध्यांना चुनाच वापरलेला असे. हंसराजाला हे दोन्ही मानवते, कारण चुनखडीच्या ओल्या कपारी हे जगभर त्याचे आवडते ठिकाण आहे. बारमाही झऱ्याची कपार, धबधब्याच्या बाजूचा ओला कडा हे त्याचे मूळ घर. माणसाने पाण्यासाठी विहीर खणली आणि नकळत तशीच कपार सपाट, कोरड्या मुलखाच्या मधोमध तयार करून ठेवली.

पाझर हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग हवेचा आणि सावलीचा, आणि त्याचा हिशेब मांडून पाहता येतो. बाहेर 43 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर हवेची पानातून पाणी ओढण्याची ताकद, म्हणजे बाष्पदाबातली तूट, सुमारे 7 किलोपास्कल होते. विहिरीत पाण्याच्या जवळ 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता धरली तर हीच तूट साधारण अर्ध्या किलोपास्कलच्या थोडी वर राहते. म्हणजे दहापटींहून अधिक फरक, तोही एकाच विहिरीच्या काठावर आणि पोटात. भूजलाचे तापमान हवेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाजवळ राहते, त्यामुळे विहिरीचे पोट उन्हाळ्यात थंड असते. शिवाय थंड हवा जड असल्याने ती तिथेच साचून राहते, वारा लागत नाही. सूर्याचेही तसेच. आपण सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी बाराला सूर्य दक्षिणेकडे 70 अंशांवर असतो, आणि 6 मीटर व्यासाच्या विहिरीत त्याचे ऊन उत्तरेच्या भिंतीवर सुमारे 16 मीटर खोलीपर्यंत उतरते. दक्षिणेच्या भिंतीला मात्र भर दुपारीही ते स्पर्श करत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीलाही मधूनच थोडे ऊन मिळते. पण तोवर ढग आणि पाऊस आलेले असतात. म्हणून विहिरीत हंसराज शोधायचा तर आधी दक्षिणेच्या भिंतीकडे पाहा. उत्तरेच्या भिंतीवरही तो दाट असेल तर तिथला पाझर विशेष जोराचा आहे, किंवा वर एखाद्या झाडाची सावली आहे असे समजा.

इतक्या कमी उजेडात हिरवे राहणे प्रत्येक वनस्पतीला जमत नाही. विहिरीतली अंधूक जागा हंसराजाला चालते, कारण त्याची पेशीच त्यासाठी सज्ज आहे. त्याच्या पेशींतले हरितकण उजेड कमी असेल तेव्हा पसरून तो गोळा करतात आणि प्रखर ऊन पडले की पेशीच्या कडांकडे सरकून स्वतःला वाचवतात. त्याच्यात निओक्रोम नावाचे एक प्रकाशग्राहक प्रथिन आहे, ज्यामुळे त्याला निळ्या प्रकाशाबरोबर लाल प्रकाशाचाही वापर करून उजेडाकडे वळता येते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की नेच्यांनी हे जनुक हॉर्नवर्ट या शेवाळवर्गीय वनस्पतींकडून फार पूर्वी मिळवले होते. फुलझाडांचे रान वाढल्यावर त्यांच्या सावलीत टिकून राहायला या प्रथिनाचा नेच्यांना उपयोग झाला असावा, असे मानले जाते. गावाकडच्या विहिरीत डोकावून पाहणाऱ्याला याची माहिती असायची गरज नाही, पण कुंडी उन्हात ठेवून तो मेला म्हणून हळहळणाऱ्याला ती नक्की उपयोगी पडेल.

कुणी विचारेल, की इतके ओले ठिकाण लागते तर हा नेचा शेता-माळांमधून एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीत पोचतो कसा? बी नाही, फळ नाही, पक्षीही नेत नाही. उत्तर बीजाणूंत आहे. एक बीजाणू मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढा असतो आणि वाऱ्यावर कितीही दूर जातो. क्राकाटोआ बेटाचा 1883 मधला ज्वालामुखी उद्रेक सगळ्या वनस्पती जाळून गेला. 1886 मध्ये ट्रॉइब हे वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे गेले, तेव्हा त्यांना समुद्र ओलांडून आलेल्या नेच्यांच्या 11 जाती आढळल्या. तेव्हा वाशिमच्या माळावर पाच-दहा किलोमीटर म्हणजे काहीच नाही. अडचण पोचण्यात नसून उतरण्यात आहे. बीजाणू रुजून नखापेक्षाही लहान, हृदयाच्या आकाराची हिरवी चकती तयार होते, तिला प्रोथॅलस म्हणतात. तिच्यावर नर पेशी तयार होतात आणि त्यांना मादी पेशीपर्यंत पोहत जावे लागते. तेवढ्यासाठी पाण्याचा पातळ पापुद्रा अनेक आठवडे न सुकता टिकायला हवा. गवताखालच्या जमिनीत, कौलावर, सिमेंटच्या गिलाव्यावर तो टिकत नाही. म्हणून ज्या भिंतीवर हंसराज रुजून झुडूपभर झाला आहे, ती भिंत केवळ आजची ओली नाही, ती वर्षानुवर्षे ओली राहत आली आहे. तो एकदा खरवडला तर वारा नवे बीजाणू आणून देईल हे खरे, पण सगळी साखळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि मधल्या काळात एखादा कोरडा उन्हाळा आला तर तीही तुटते.

आता आक्षेपांकडे वळू, कारण विहीर ज्याची आहे त्याच्या शंका खऱ्या आहेत. सगळ्यांत मोठी शंका ही, की मुळे भिंत फोडतात. पिंपळ, वड, उंबर यांच्याबाबतीत हे शंभर टक्के खरे आहे. त्यांचे मूळ केसाएवढे आत जाते आणि वर्षागणिक जाड होत पाचरीसारखे दगड सरकवते. हंसराजाचे मूळ केसाएवढेच आत जाते आणि केसाएवढेच राहते. झाडांच्या मुळांना जाडी देणारा थर त्याच्यात नसतो, त्याचे सरपटते खोड काडीएवढे जाड असते आणि ते सांध्याच्या तोंडाशीच बसते. दगड हलवण्याचे बळ त्याच्यात येणार कुठून? पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दाट हंसराजाच्या मुळांत माती साचते आणि त्या मातीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी रुजू शकते. म्हणून हंसराज ठेवायचा, पण त्यातून डोकावणारे पिंपळाचे रोप दर पावसाळ्यानंतर शोधून काढायचे. रोप दोन-चार पानांचे आणि सांधा ओला असताना ते मुळासकट येते. बोटाएवढे जाड झाले असेल तर ओढू नका, दगड सोबत येईल. बुडाशी कापा, फुटवा आला की पुन्हा कापा, आणि मोकळा झालेला सांधा चुना, वाळू आणि सुरखीने भरून घ्या.

दुसरा आक्षेप दुरुस्तीचा: जुनी भिंत अशी उघडी ठेवण्यापेक्षा सिमेंटने आतून गिलावा करून टाकावा, म्हणजे नेचाही नको आणि पडझडही नको. इथे हंसराजाचे हित आणि विहीर मालकाचे हित एकच आहे. विहिरीला पाणी तळातून येते तसेच भिंतीतूनही येते. पाझराच्या पातळीवर गिलावा केला की पाणी विहिरीत यायचे थांबते, ते भिंतीमागे साचते आणि पावसाळ्यात त्याचा दाब बांधकामावर येतो. भिंतीला पोट सुटते ते बहुतेकदा अशा कोंडलेल्या पाण्यामुळे. पाझराच्या वरचा, जमिनीलगतचा दोन-तीन मीटरचा भाग सिमेंटने पक्का करायला हरकत नाही, उलट गावातले सांडपाणी आत येऊ नये म्हणून तो करावाच. पाझराच्या पट्ट्यात मात्र सांधे उघडे ठेवा किंवा चुन्याने भरा. काँक्रीटच्या रिंगा टाकायची वेळ आलीच तर त्यांना छिद्रे ठेवून बाहेरच्या बाजूला खडी भरा. हंसराजाची हिरवी रेघ पाझराचा पट्टा कुठून कुठे आहे ते दाखवते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तिचा फोटो काढून ठेवा आणि गवंड्याला तो दाखवून बोला. भिंत आधीच फुगलेली असेल, दगड निखळत असतील, तर नेचा वाचवण्याचा विचार बाजूला ठेवून जाणकाराला बोलवा. माणसाच्या जिवापुढे हंसराज मोठा नाही.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. हे सगळे ठीक, पण आता शेती बोअरवर चालते, विहिरीच्या भिंतीवरचे चार नेचे पाहून करायचे काय? करायचे असे, की उथळ भूजलाचा तो फुकट मिळणारा निर्देशक आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, पण प्रत्येक शिवारात तिची विहीर नसते. परिसरात खोल बोअर वाढले आणि वरच्या थरातले पाणी खाली ओढले जाऊ लागले की आधी विहिरीच्या भिंतीवरचा पाझर आटतो, तळाचे पाणी नंतर. हंसराजाची वरची रेघ आधी तपकिरी होते, मग हिरवळ खाली खाली सरकते. गाळ काढायच्या वेळी, मे संपताना आणि दिवाळीनंतर असा वर्षातून तीनदा एकाच जागेवरून फोटो काढून ठेवला, तर काही वर्षांत त्या शिवारातल्या वरच्या थराची वाटचाल डोळ्यांसमोर राहते. विहीर पुनर्भरण केले असेल तर त्याचा परिणामही इथेच दिसेल. पण या निर्देशकाची मर्यादा ओळखून वागा. हंसराजाला जगायला मिनिटाला काही थेंब पुरतात. पाझर अखंड आहे एवढेच तो सांगतो, पाणी किती आहे ते सांगत नाही. त्याच्या भरवशावर पिकाचे नियोजन करू नका. गळक्या पाइपाने किंवा पाण्याच्या टाकीच्या भेगेनेही तो जगतो, आणि घराच्या भिंतीवर नेचा उगवला असेल तर त्याचा अर्थ तिथे गळती आहे. अशा वेळी नेचा उपटण्याआधी नळजोडणी तपासा.

पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हेही हंसराज सांगत नाही. खतांमधून आलेले नायट्रेट किंवा सांडपाण्यातले जंतू यांनी त्याचे काही बिघडत नाही, माणसाचे बिघडते. पिण्याच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासून घ्यावाच आणि टीसीएल पावडरही नियमाप्रमाणे टाकावी. फक्त पावडर भिंतीवर उधळू नये. ती बादलीत कालवायची, साका खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी दोरीने विहिरीच्या मध्यभागी, पाण्याच्या पातळीखाली सोडायचे. पावडर पाण्यातल्या जंतूंसाठी असते, त्यामुळे यात पाण्याचेही काम नीट होते. तणनाशक मात्र विहिरीत कोणत्याही कारणाने फवारू नका. भिंतीवर मारलेले औषध पाझराबरोबर थेट पिण्याच्या पाण्यात उतरते. गाळ काढायला उतरणाऱ्याने कधी एकटे उतरू नये, कंबरेला दोर आणि वर माणसे असावीत. जुन्या, खोल, फार दिवस न उपसलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि तिथे एकामागून एक उतरलेली माणसे दगावण्याच्या घटना महाराष्ट्रात होत आल्या आहेत. हंसराज पाहायला तर उतरूच नका, काठावरून मोबाइलच्या झूमने सगळे दिसते.

घरी वाढवायचा असेल तर विहिरीतला झुबका उपटून आणू नका. तो बहुधा जगत नाही आणि भिंत मात्र उघडी होते. कडेला तपकिरी दुमड आलेले एखादे पक्व पान पुरे. ते कागदाच्या पाकिटात दोन-चार दिवस ठेवले की तळाशी भुकटी पडते, तेच बीजाणू. जुनी, सच्छिद्र वीट उकळत्या पाण्याने भिजवून घ्या, गार झाल्यावर उकळून गार केलेले पाणी भरलेल्या ताटलीत ती उभी ठेवा, वर भुकटी हलकेच टाका आणि काचेच्या बरणीने झाकून सावलीत ठेवून द्या. काही आठवड्यांनी विटेवर हिरवा थर दिसेल, त्या चकत्या. त्यांच्यावर अधूनमधून पाण्याचा बारीक फवारा हवा, नाहीतर फलन होत नाही. पहिली खरी पाने यायला काही महिने लागतात. घाईने झाकण काढणे, हे अपयशाचे नेहमीचे कारण.

रोप कुंडीत जाईल तेव्हा काळी माती वापरू नका. ती ओली झाली की फुगून हवा कोंडते आणि सुकली की भेगाळून मुळे तोडते. विटांचे तुकडे, जाड वाळू, कुजलेला पालापाचोळा आणि चिमूटभर चुनखडीचा चुरा असे मिश्रण चांगले. जागा निवडताना झाडाला पाणी किती घालायचे याऐवजी त्याच्याभोवतीची हवा कशी राहील याचा विचार करा. दिवसातून तीनदा पाणी घालून गच्चीवर ठेवलेला हंसराज मरतो. पाणी पाझरणाऱ्या माठाच्या तिवईखाली, उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत जमिनीवर ठेवलेला तोच हंसराज टिकतो. कूलरच्या झोतात ठेवू नका, ती हवा ओली असली तरी वारा पानांतले पाणी ओढून नेतो. मोरीचे साबणाचे पाणीही नको. उन्हाळ्यात पाने वाळलीच तर देठ बुडाशी कापून कुंडी सावलीत ओलसर ठेवा. खोड जिवंत असेल तर पावसाची हवा सुटली की नवे फुटवे येतात.

औषधी उपयोगाबद्दल थोडक्यात. हंसराजाचे नाव वैद्यकात आहे, आणि विहिरीतून तोडून काढा करावा असे कुणी सुचवू शकेल. ते करू नये. एक तर जाती ओळखण्यातला घोटाळा वर सांगितलाच. दुसरे, ओल्या जुन्या भिंतींवर हंसराजाबरोबर लांब, सरळ, एकेरी पर्णिकांचा प्टेरिस व्हिट्टाटा हा नेचाही हमखास वाढतो. तो जमिनीतले आर्सेनिक पानांत मोठ्या प्रमाणावर साठवतो, हे 2001 मध्ये फ्लोरिडातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. सगळ्या जमिनीत आर्सेनिक घातक प्रमाणात असते असे नाही, पण भिंतीवरचा नेचा खाण्यापूर्वी त्याने काय शोषले असेल याचा अंदाज नुसत्या डोळ्यांनी येत नाही. गुरांपुढेही हा पाला टाकू नये.

किन्हीराजा परिसरातल्या ज्यांच्या शेतात किंवा गल्लीत दगडी बांधणीची जुनी विहीर आहे, त्यांनी यंदा गाळ काढण्यापूर्वी मजुरांना चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: पिंपळ-उंबर काढायचे, काळ्या देठाचा नेचा ठेवायचा, पाझराच्या पट्ट्यात सिमेंट लावायचे नाही, फवारणी करायची नाही. शाळांतल्या विज्ञान शिक्षकांनी मुलांना विहिरीच्या काठावर सुरक्षित अंतरावर उभे करून दक्षिणेची भिंत दाखवावी आणि मे महिन्यातला फोटो वर्गात लावावा. ग्रामपंचायतीने सार्वजनिक विहिरीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना आतल्या संपूर्ण गिलाव्याऐवजी वरचा भाग सिमेंटचा आणि पाझराचा पट्टा चुन्याचा असे मागावे. यातल्या कोणत्याही गोष्टीला वेगळा निधी लागत नाही, काम सुरू होण्यापूर्वी विहिरीत एकदा नीट पाहणे तेवढे लागते.